मास्तरांचा उजवा कान

मास्तरीणबाईंनी चहाचं गाळणं सातव्या खोक्यात बांधलं, त्याला आता चौदा महिने झाले होते. तेव्हापासून त्या चहा एका जुन्या कापडाच्या तुकड्यातून गाळत. खोकं समोरच होतं, पलंगाच्या पायथ्याशी. वरची चिकटपट्टी काढायला दोन मिनिटंही लागली नसती. पण बाईंचा हट्ट होता की ते खोकं उघडेल ते डोंगरातल्या घरी, इथे नाही.

"एक गाळणं काढलं म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?" मास्तर एकदा म्हणाले होते.

"आज गाळणं काढलं की उद्या किसणी काढावी लागेल," बाई म्हणाल्या. "परवा म्हणाल, पडदे लाव. मी या क्वार्टरला चांगली ओळखते. ही हात धरायला देते आणि मनगट सोडत नाही."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शिंपी. आणि शिंपी तरी कसा, तर एकतीस वर्षांत ज्यानं कुणाचा सदरा शिवला नाही की कुणाच्या विजारीला काज केलं नाही. तंबू शिवायच्या कारखान्यातून ते तटरक्षक दलाच्या या ठाण्यावर आले ते हॉवरक्राफ्टची झालर शिवायला, आणि इथेच त्यांचे केस पिकले.

हॉवरक्राफ्ट ही बोट मोठी नखऱ्याची. ती पाण्यात बसत नाही, स्वतःच फुंकलेल्या हवेवर तरंगते. पोटातला पंखा हवा खाली कोंबतो, आणि ती हवा बाजूनं निसटू नये म्हणून कडेनं रबरी कापडाचा जाड घेर सोडलेला असतो. ठाण्यावर त्याला सगळे झालर म्हणत. झालर धड असली तर ही बोट पाणी, वाळू, चिखल यांत भेदभाव करत नाही. झालर फाटली की आहे तिथे फतकल मारून बसते, मग आत कितीही मोठा साहेब असो.

ठाण्यासमोर निम्मा दिवस समुद्र असे आणि निम्मा दिवस नुसता चिखल. ओहोटीत माणसं लांबवर शिंपल्या वेचायला जात, वेळेचं भान सोडत, आणि भरती मागून येऊन त्यांना वेढा घाली. साधी बोट तिथे रुतते, माणूस चालायला गेला तर मांडीपर्यंत जातो. तिथे जायचं तर हॉवरक्राफ्टनंच. ठाण्यावर अशा तीन होत्या. कागदोपत्री त्यांना लांबलचक क्रमांक होते, पण सगळे त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. धाकटीसुद्धा पंचवीस वर्षांची होती आणि तिघींचाही आवाज असा की पंखा सुरू झाला की चाळीस पावलांवरच्या मास्तरांच्या स्वयंपाकघरात फळीवरच्या बशा थरथरायच्या.

त्या आवाजानं मास्तरांचा डावा कान कधीच गेला होता. उजवा अर्धा उरला होता. दीड वर्षापूर्वी कानाच्या डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. एक रेघ पार खाली लोळत होती, दुसरी मध्यावर लटकत होती.

"इथून निघालात तर आहे तेवढं टिकेल," डॉक्टर म्हणाले. "या आवाजात आणखी दोन वर्षं काढलीत तर नाही टिकणार. मग यंत्र लावूनही माणसाचं बोलणं कळायचं नाही, नुसता गोंगाट कळेल."

मास्तरांना गोंगाटाचं काही वाटत नव्हतं, तो आयुष्यभर ऐकला होता. त्यांना बाईंचं बोलणं हवं होतं. बाई बोलायला भारी होत्या. एखाद्याच्या चालीवरून त्याच्या घरातलं भांडण सांगायच्या, आणि ते खरं निघायचं. पण या क्वार्टरमध्ये त्यांचं एकही बोलणं शेवटाला गेलं नव्हतं. बाईंनी गोष्ट रंगात आणावी, तोच बाहेर पंखा सुरू व्हावा. बाई वाक्य अर्ध्यावर सोडून थांबत. पंधरा मिनिटांनी आवाज बंद झाला की मास्तर विचारत, "हं, मग पुढे?" आणि बाई म्हणत, "राहू दे, नंतर सांगते." असं एकतीस वर्षांचं 'नंतर' साठलं होतं. ते डोंगरातल्या गावी उघडायचं ठरलं होतं. तिथे बाईंच्या धाकट्या बहिणीच्या घरामागे दोन खोल्या होत्या आणि दुपारी, म्हणे, फक्त झाडांवरची पाखरं ऐकू येत.

मास्तरांच्या निवृत्तीचा दिवस आला आणि गेला. खोकी बांधून झाली होती, अकरा. मोठे साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, स्वतः घरी आले. या तिघी आता निकालात निघणार, चार नव्या हॉवरक्राफ्ट येणार, पण त्यांना जरा उशीर आहे, तोवर जुन्या चालल्या पाहिजेत आणि तुमच्याशिवाय त्या चालत नाहीत, असं म्हणाले. सहा महिन्यांची मुदतवाढ. सहा महिने झाले, नव्या काही आल्या नाहीत. निविदा, फेरनिविदा, समितीची भेट. सगळं भिजत घोंगडं. पुन्हा सहा महिने. मास्तरांनी लावलेलं प्रत्येक ठिगळ थोरलीला आणखी महिनाभर जगवायचं आणि त्यांना आणखी महिनाभर बांधून ठेवायचं. चांगलं काम करणाऱ्याला अशी शिक्षा फक्त सरकारी खात्यातच मिळते. एकदा तर ठिगळ चिकटवायच्या सोल्युशनचा ब्रश हातात धरून ते विचार करत उभे राहिले की आज थोडं पातळच लावलं तर? मग त्यांची त्यांनाच लाज वाटली आणि त्यांनी दोन हात जास्त लावले.

आणि मग एका सकाळी चार नव्या आल्या. करड्या रंगाच्या, देखण्या, कोऱ्या. जुन्या किंचाळायच्या, या नुसत्या गुरगुरायच्या. आत सगळीकडे स्क्रीन आणि दिवे. त्यांच्याबरोबर देखभालीला एक नव्या तंत्रज्ञ बाई आल्या. दोन मुलांची आई, खांद्याला लॅपटॉप, बोलणं मोजकं. त्या ज्याला त्याला सेन्सर लावत सुटल्या, म्हणून दोनच दिवसांत सगळे त्यांना सेन्सरबाई म्हणायला लागले. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नाव मापाचं आहे."

मास्तरांच्या कार्यमुक्तीच्या आदेशावर सही झाली. तीन महिने हस्तांतराचे, मग सुटका. बाईंनी बहिणीला तारीख कळवली. थोरलीवर ताडपत्री टाकून तिला भंगाराच्या कोपऱ्यात उभं केलं, मधली आणि धाकटी तर नेल्याही. नव्यांच्या झालरीला मास्तरांनी हात लावायचा नाही, असं साहेबांनी बजावलं होतं, कारण हमीची मुदत होती. मास्तर म्हणाले, बरं.

इथे मास्तरांची एक गोष्ट सांगायला हवी. ती त्यांनी बाईंखेरीज कुणालाही सांगितलेली नव्हती.

झालर कशी तपासायची हे हॉवरक्राफ्टबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकात लिहिलेलं होतं. झालरीला साबणाचा फेस लावा, पंखा सुरू करा, बुडबुडे येतील तिथे गळती समजा. पुस्तक लिहिणाऱ्याच्या समुद्रात बहुधा शिंपल्या नसाव्यात. इथे शिंपल्यांचा बारीक चुरा शिवणीत शिरे आणि आतून दोरा कापत बसे. बुडबुडा दिसायचा तो दोरा पुरता तुटल्यावर. पण त्याआधी तीन-चार दिवस ती शिवण बारीक शीळ घालायची. केसाएवढी. पंख्याच्या त्या गदारोळात ती ऐकायला आवाज अडवणारे इअरमफ काढून, कान झालरीला जवळजवळ टेकवून, गुडघ्यांवर रांगत सगळ्या बोटीला फेरी मारावी लागे. मास्तर तसं रोज करत. शीळ ऐकू आली की खडूची खूण, मग आतून आडव्या-उभ्या धाग्यांना तिरकं कापलेलं ठिगळ. पुस्तकात ठिगळही सरळच सांगितलेलं होतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "कान लावून तपासले." तेव्हाच्या साहेबांनी ते पान लाल शाईनं परत पाठवलं. "कान हे मान्यताप्राप्त उपकरण नाही. पुन्हा लिहून आणावे." मास्तर तरुण होते, नोकरी नवी होती, घरी बायको नवी होती. त्यांनी पुन्हा लिहून आणलं, "पुस्तकाप्रमाणे." ते मंजूर झालं. मग दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. डावा कान थकला तेव्हा त्यांनी उजवा लावायला सुरुवात केली. वहीत मात्र "पुस्तकाप्रमाणे". हळूहळू ते इतकं अंगवळणी पडलं की आपण काही लपवतोय असंही त्यांना वाटेनासं झालं.

नव्या बोटी घ्यायच्या ठरल्या तेव्हा मुख्यालयाच्या समितीनं या तीस वर्षांच्या वह्या मागवून घेतल्या. त्यांनी हिशेब काढला की या चिखलात, पुस्तकाप्रमाणे काम केलं, तर झालर सहाशे तास टिकते. मग बदलायचं कशाला? नव्या बोटींना तीच झालर, तीच शिवण, तीच फेसाची तपासणी. वह्यांची खोकी गाडीत चढवली जात होती तेव्हा मास्तर बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर उभे होते. तोंड उघडायचं तर तेव्हाच उघडायला हवं होतं. त्यांनी उघडलं नाही. आपण तर निघालोच आहोत, नवं यंत्र आहे, नवी माणसं शहाणी असतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

सुटायला अकरा दिवस उरले असताना ते जेवायला घरी निघाले होते. उतारावर दोन नंबरची नवी बोट पंखा चालू ठेवून उभी होती. शेजारून जाताना, का कोण जाणे, सवयीनं, त्यांनी इअरमफ कानावरून सरकवला. आणि त्यांना शीळ ऐकू आली. मागच्या कोपऱ्यात, डावीकडे.

मास्तर थबकले. मग त्यांनी इअरमफ परत कानावर ओढला. नवं इंजिन आहे, त्याचा आवाज असेल, असं म्हणाले आणि घरी जाऊन जेवले. 

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दोन नंबर चार खलाशी घेऊन शिंपल्या वेचणाऱ्या अकरा जणांना आणायला गेली आणि येताना मागची झालर सबंध उसवून चिखलात बसली. भरती चढत होती. बाकीच्या तीन नव्या बोटी सोडायला साहेब धजावले नाहीत, झालर सगळ्यांची एकच होती. कुणीतरी ओरडलं, थोरली. भंगाराच्या कोपऱ्यातून ताडपत्री ओढून काढली, जुन्या चालकानं तिला शिव्या देत सुरू केलं, आणि ती बया किंचाळत निघाली. ती पोचली तेव्हा दोन नंबरच्या डेकवर कमरेएवढं पाणी होतं. पंधरा माणसं परत आली. एका खलाशाचा पाय मोडला होता आणि एक म्हातारी टोपली गेली म्हणून रडत होती. जीव कुणाचा गेला नाही. दोन नंबरला पुढच्या ओहोटीत ओढून आणलं.

मास्तर उतारावर उभे राहून एकेक डोकं मोजत होते. पंधरावं उतरल्यावर ते खाली बसले.

चौकशी लागली. ती लागली सेन्सरबाईंवर, कारण तपासणीच्या कागदावर सही त्यांची होती. पद्धत बरोबर होती, हे तीस वर्षांच्या वह्याच सांगत होत्या. म्हणजे पद्धत पाळणारी चुकली. इतकं सोपं होतं ते. नोकरी जाणार, वर हलगर्जीपणाचा शेरा, म्हणजे पुढेही कुणी उभं करणार नाही.

दोन दिवसांनी दुपारी त्या मास्तरांच्या शिवणघरात आल्या. भिंतीवर दाभणं, दोऱ्याची रिळं, सोल्युशनचे डबे. त्या स्टुलावर बसल्या.

"मास्तर, मी फेस दोनदा लावला होता," त्या म्हणाल्या. "सगळी झालर दोनदा पाहिली. एकही बुडबुडा नव्हता. मग मला दिसलं कसं नाही?"

मास्तरांनी मान वळवली आणि डावा कान त्यांच्याकडे केला. सगळं ठाणं जाणून होतं की तो कान मेलेला आहे. सेन्सरबाईंनाही माहीत होतं. त्यांना वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा मोठ्यानं विचारायचं त्यांना जड गेलं असावं. त्या उठल्या आणि गेल्या.

त्या संध्याकाळी मास्तरांनी बाईंना सगळं सांगितलं. वह्या बाईंना ठाऊक होत्या. दोन नंबरची शीळ ठाऊक नव्हती, आणि सेन्सरबाईंपुढे केलेला डावा कान ठाऊक नव्हता. बाई भाजी चिरत होत्या. त्यांचा हात थांबला.

"परवा चौकशी आहे," मास्तर म्हणाले. "मला एका कागदावर सही करायला बोलावलंय. इथे सगळं पुस्तकाप्रमाणे होतं, एवढंच लिहिलंय त्यावर. सही केली की पाच दिवसांनी आपण गाडीत."

"आणि नाही केली तर?"

"मग मला सोडायचे नाहीत. दुसऱ्या कुणाला येतंय ते? चार बोटी आहेत."

बाईंनी खोक्यांकडे पाहिलं. अकराच्या अकरा भिंतीला लावून उभी होती, चौदा महिने, दोघांनी त्यांच्या कडेकडेनं चालायचं. खिडकी बंद होती, कारण ती उघडली की उतारावरचं खारट पाणी आत उडे. या खोलीत उन्हाळा-हिवाळा ती बंदच असायची.

"मला का विचारताय?" बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, गप्प बसा, तर बसाल?"

"बसेन," मास्तर म्हणाले. आणि ते खरं होतं. त्यांना तेच बाईंकडून म्हणवून घ्यायचं होतं.

"म्हणूनच नाही म्हणत," बाई म्हणाल्या. "तुमचं तुम्ही बघा. माझ्या तोंडून वदवून घेऊ नका." आणि त्यांनी भाजी इतक्या जोरात चिरायला घेतली की ती पातेल्याऐवजी जमिनीवरच जास्त पडली. मास्तर वाकून वेचू लागले. तेवढ्यात बाहेर थोरलीचा पंखा सुरू झाला, कारण आता नव्या तीन बंद होत्या आणि कामाला पुन्हा तीच होती. फळीवर बशा नव्हत्या, त्या तिसऱ्या खोक्यात होत्या. खोक्यातल्या खोक्यात त्या थरथरल्या.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. मुख्यालयाचे तिघे जण, साहेब आणि एका बाजूला सेन्सरबाई, हात मांडीवर. मास्तरांना उजवा कान सगळ्यांकडे राहील अशी खुर्ची दिली, हे साहेबांनी आठवणीनं केलं. कागद पुढे आला, पेनही आलं. मास्तरांनी पेन उचललं, टोपण काढलं, आणि परत लावलं.

"हे खरं नाही," ते म्हणाले.

"काय खरं नाही?"

"पुस्तकाप्रमाणे. मी एकही दिवस पुस्तकाप्रमाणे काम केलेलं नाही. पुस्तकाप्रमाणे केलं असतं तर या बोटी पहिल्याच वर्षी बसल्या असत्या. या बाईंनी पुस्तकाप्रमाणे केलं, म्हणून त्यांची बसली."

मग त्यांनी सांगितलं. कान, शीळ, खडू, तिरकं ठिगळ. मुख्यालयाच्या माणसानं विचारलं, हे लिहिलं का नाही? मास्तरांनी खिशातून घडीचं पिवळं पान काढलं. तीस वर्षांपूर्वीची लाल शाई अजून फिकी झाली नव्हती. ते पान हातोहात फिरलं. कुणी हसलं नाही.

"हे एका दिवसाचं झालं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "पुढची तीस वर्षं? वह्या नेल्या तेव्हा तुम्ही इथेच होतात ना? आम्ही चार बोटी घेतल्या त्या वह्यांवर, मास्तर."

"होतो," मास्तर म्हणाले. "आणि दोन नंबरची शीळही मी ऐकली होती. दोन दिवस आधी. ऐकून घरी गेलो. मला सुटायचं होतं."

सेन्सरबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. मास्तरांना आभार नकोच होते, पण ती नजर त्यांनी पुढे बरेच दिवस विसरायचा प्रयत्न केला.

तीन दिवसांनी आदेश आला. तो साहेबांनी स्वतः आणून दिला आणि दारातच उभं राहून वाचून दाखवला, उजव्या बाजूनं. सेन्सरबाईंवरचा ठपका मागे घेतला होता. मास्तरांच्या वयाकडे आणि सेवेकडे पाहून शिक्षा नव्हती. कार्यमुक्तीचा आदेश रद्द. एक वर्ष मुदतवाढ. या वर्षात चारही नव्या बोटींची झालर मास्तरांनी रोज तपासायची. सेन्सरबाई झालरीच्या कडेनं छोटे माईक बसवणार. मास्तर म्हणतील, इथे, आणि त्या तिथला आवाज साठवणार, म्हणजे हळूहळू यंत्राला ती शीळ ओळखता येईल. खाली एक तक्ता होता. तपासणीची पद्धत, श्रवण. मान्यताप्राप्त उपकरण, संबंधित कर्मचाऱ्याचा कान (उजवा), नग एक.

"झालं की नाही तुमचं समाधान?" साहेब म्हणाले. "तीस वर्षांनी का होईना, मान्यता मिळाली."

त्यांना विनोद करायचा होता. तो जमला नाही, हे त्यांनाही कळलं. ते चप्पल घालायला विसरल्यासारखे क्षणभर उंबऱ्यात घुटमळले. "कानाचं मला माहीत आहे, मास्तर," ते हळू म्हणाले. "पण समोर अडकलेली माणसं मी काय सांगून थांबवू?" मास्तर म्हणाले, "थांबवता येत नाहीत, साहेब. खरं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी सुरू झाली. सेन्सरबाईंनी नवे जाड इअरमफ आणले होते, चांगल्यातले. "हे एरवी सगळा वेळ घाला," त्या म्हणाल्या. "काढायचे फक्त ऐकताना."

"ऐकतानाच तर जातो तो," मास्तर म्हणाले.

सेन्सरबाईंनी लॅपटॉप उघडला. मग म्हणाल्या, "मी यंत्राला सहा महिन्यांत शिकवीन. बघाच तुम्ही." मास्तरांनी मान हलवली. त्यांना प्रत्येक शीळ न चुकता ओळखायला चार वर्षं लागली होती, पण यंत्र हुशार असेल. ते गुडघ्यांवर बसले, इअरमफ काढला आणि उजवा कान तीन नंबरच्या झालरीला नेऊन टेकवला. पंखा सुरू झाला. फेरी पूर्ण व्हायला चाळीस मिनिटं लागली. अशा चार बोटी.

चारला ते घरी आले तेव्हा दार उघडंच होतं. सातवं खोकं पलंगावर होतं, त्याची चिकटपट्टी फाडून काढलेली. चहा उकळत होता आणि ओट्यावर गाळणं होतं. पडदेही लागले होते. दोन खोकी अजून बांधलेली होती, ती बाईंनी कोपऱ्यात सरकवून त्यांवर चादर घालून बसायची जागा केली होती.

"बहिणीला कळवलं," बाई म्हणाल्या. "म्हणाली, तू तरी ये. म्हटलं, मी येऊन काय करू? ऐकणारा इथे आहे."

मास्तर काही बोलायला गेले. ते कसेबसे म्हणाले, "मला माफ कर." बाईंनी ते ऐकलं. त्यांनी चहा गाळला, दोन कप भरले, आणि नेहमीप्रमाणे समोर न बसता खुर्ची ओढून मास्तरांच्या उजव्या अंगाला, अगदी जवळ घेतली.

"किती वाजता पुन्हा सुरू होतात?"

"साडेपाचला."

"म्हणजे दीड तास आहे आज. रोजचा दीड तास धरला तर वर्षात बसवता येईल," बाई म्हणाल्या. "ते डोंगरात सांगायचं होतं ना, ते सगळं आता सांगून टाकते. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, वेळ जातो. आणि कळलं नाही तर लगेच सांगायचं, उगाच मान डोलवायची नाही. मला कळतं."

मास्तरांनी कप खाली ठेवला आणि मान जराशी तिरकी करून कान त्यांच्याकडे नेला, सकाळी झालरीला नेला होता तसाच.

"मी सात वर्षांची होते," बाईंनी सुरुवात केली. "आमच्या घराच्या दाराला हिरवा रंग होता, आणि तो माझ्या आत्यानं कुणालाही न विचारता दिला होता..."